वरसईच्या भटजींनी पाहिलेला परका मुलूख

दौलतगंज, लष्कर, बाडा ही नावं आपल्या तोंडात इतकी बसली आहेत, की एके काळी दक्षिणेतून येणाऱ्या मराठी माणसाला हा मुलूख अगदी परका होता, हे ध्यानातही येत नाही. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली. तिचंच पुढे लष्कर शहर झालं, आणि दौलतगंजाच्या नावात दौलतराव राहिले. पण कोकणातल्या घरांत 'हिंदुस्थान' म्हणजे नर्मदेपलीकडचा दूरदेश. तिकडे गेलेला माणूस परत येईलच याचा भरवसा नाही, अशी समजूत.

अशाच एका घरातून, पेणजवळच्या वरसईहून, 1857 साली विष्णुभट गोडसे निघाले. घरावर कर्ज होतं. दौलतरावांच्या विधवा बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार आणि मोठी दक्षिणा वाटणार, अशी बातमी आली होती. सोबत काका. घरच्यांनी आधी बजावलं, की तिकडचे लोक भांग पितात आणि बायका मायावी असतात. म्हणजे प्रवास सुरू होण्याआधीच त्या देशाचं एक चित्र डोक्यात तयार होतं, तेही ऐकीव.

मग भटजी हा देश शिकले तरी कसे? पोथीतून नाही, पोटापाण्यातून. कुठे मुक्काम मिळतो, कोणता दाता कसा, दक्षिणा किती पडते, कोणाला काय म्हणून हाक मारायची, हे सगळं ते टिपत गेले. महूच्या बाजूला शिपायांकडून पुढच्या धामधुमीची कुणकुण लागली, तरी पाय मागे घेतला नाही. ग्वाल्हेर करून ते झाशीला पोचले आणि 1858 च्या वेढ्यात तिथेच अडकले. शहर पडल्यावरची लूट, कत्तल, राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पुढे काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी राणी लक्ष्मीबाई भेटल्या. भटजी पाणी काढून द्यायला पुढे झाले, तर विद्वान ब्राह्मणानं आपल्यासाठी हे करू नये म्हणून बाईंनी त्यांना थांबवलं. ऐकीव 'मायावी' बायकांच्या देशात त्यांना प्रत्यक्षात दिसली ती ही बाई.

कमावलेलं बरंचसं लुटलं गेलं. भटजी घरी परतले ते आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन.

आता मुद्द्याची गोष्ट. ही हकीकत त्यांनी 1880 च्या दशकात लिहून काढली, ती चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून. हे वैद्य पुढे आपल्याच ग्वाल्हेर संस्थानात मुख्य न्यायाधीश होते. सत्तावन्नाबद्दल छापणं तेव्हा जोखमीचं होतं. 'माझा प्रवास' प्रसिद्ध झालं ते थेट 1907 साली. वैद्यांनी त्यात भाषा सुधारली, काही मजकूर गाळला, काही ठिकाणी फेरफार केले. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली छापली. म्हणजे तब्बल 59 वर्षं वाचक भटजींचा हिंदुस्थान वैद्यांच्या चष्म्यातून पाहत होते!

वैद्यांना दोष द्यायचा हेतू नाही. त्यांच्यामुळेच तर ही हकीकत कागदावर आली. पण अनोळखी देशाचा इतिहास वाचताना दोन प्रश्न विचारायलाच हवेत. पाहणारा कोण, कोणत्या गरजेपोटी तिथे गेला? आणि त्याच्या शब्दांवर मागाहून कोणाचा हात फिरला?

हे प्रश्न आपल्या दारातही लागू आहेत. ग्वाल्हेरातल्या मराठी घरांचे पूर्वज विष्णुभटांसारखेच परक्या मुलखात आले, आणि चार पिढ्यांत इथलेच झाले. आज उलट आपल्या नातवंडांना कोकण परदेशासारखं वाटतं. घरातली म्हातारी माणसं सांगतात त्या आठवणी, 'इकडे आलो तेव्हा पाण्याची लै पंचाईत व्हायची' असल्या, आपण लिहून घेतो आणि लगेच शुद्ध करून टाकतो. तसं करू नका. हिंदीमिश्रित असो, तुटक असो, जसं बोललं तसं उतरवा. मोडीतले कागद असतील तर रद्दीत घालण्याआधी जाणकाराला दाखवा. सुधारलेली प्रत पुढे कधीही करता येते. मूळ गेलं, की मग हाती फक्त चष्मा उरतो.