घरी गाडीचं काम करताय? जॅक घेताना ‘किती टन’च्या आधी ‘किती उंच’ ते बघा

रविवारी सकाळी कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चक्कर मारा, एखादा तरी गडी आपल्या गाडीखाली डोकावताना दिसतो. सॉकेट सेट नवा, हातमोजे नवे, बोनेटवर ठेवलेल्या मोबाईलवर व्हिडिओ सुरू. आज ऑइल बदलायचं किंवा ब्रेक पॅड बघायचे असा बेत. आणि गाडी उचललेली असते डिक्कीतून काढलेल्या त्या कात्रीसारख्या जॅकवर.

गडबड तिथेच आहे. गाडीसोबत कंपनी जो जॅक देते त्याचं काम एकच. रस्त्यात पंक्चर झालं तर स्टेपनी लागेपर्यंत एक चाक हवेत धरायचं. त्याचा तळ जेमतेम तळहाताएवढा असतो. गाडी थोडी पुढे-मागे सरकली की हा जॅक कलंडतो. गाडीच्या माहितीपुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका म्हणून. ते पान कोणी उघडत नाही, हा भाग वेगळा.

मग बाजारात दोन पर्याय उरतात. एक बाटली जॅक, जो ट्रकवाल्यांकडे असतो. ताकद भरपूर, जागा कमी लागते, पण तो मुळातच उंच असतो. आपल्या छोट्या गाड्यांच्या खाली, त्यातही टायर बसलेला असेल तर, तो शिरतच नाही. शिरला तरी तळ अरुंद. दुसरा ट्रॉली जॅक, म्हणजे चार लोखंडी चाकांवर सरकणारा, लांब दांड्याचा. परदेशी व्हिडिओत यालाच फ्लोअर जॅक म्हणतात. घरच्या कामाला हाच बरा, कारण तो बुटका असतो, पसरट असतो आणि गाडीपासून लांब उभं राहून चालवता येतो.

एवढी ताकद येते कुठून?

सतराव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याने मांडलेल्या नियमातून. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोहोचतो. १७९५ मध्ये जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने याच तत्त्वावर हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं आणि आजचा जॅक त्याचाच वंशज. आत एक बारीक पिस्टन असतो आणि एक जाड. समजा बारक्याचा व्यास १ सेंटीमीटर आहे आणि जाड्याचा ३. क्षेत्रफळ ९ पट, म्हणून बळही ९ पट. त्यात लांब दांड्याचा फायदा मिळतो तो वेगळा. बदल्यात किंमत मोजायची ती अंतराची. तुम्ही दांडा हातभर खाली दाबता तेव्हा गाडी थोडीशीच वर येते.

यातून एक गोष्ट कळते, जी जॅक वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. गाडीचं सगळं वजन आतल्या तेलावर तोललेलं असतं, आणि ते तेल अडवून धरलेलं असतं रबरासारख्या सीलने आणि छोट्या व्हॉल्व्हने. सील फाटलं किंवा व्हॉल्व्हखाली कचरा अडकला की जॅक बसतो. कधी हळूहळू, कधी एकदम. चांगल्या कंपनीचा महागडा जॅकही याला अपवाद नाही.

टनांचा हिशोब

दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘किती टनाचा देऊ?’ मग घेणारा विचार करतो की गाडी सव्वा टनाची, म्हणजे दोन टन पुरे, आणि तीन टन घेतला की अजून सुरक्षित. हिशोब तसा चूक नाही, पण गरजेपेक्षा जास्त काळजीचा आहे. जॅक कधीच अख्खी गाडी उचलत नाही. इंजिन पुढे असलेल्या गाडीत साधारण ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं. १२०० किलोची गाडी असेल तर पुढची दोन्ही चाकं मिळून ७२० किलोच्या आसपास. एकच कोपरा उचलला तर त्याच्याही निम्मं. म्हणजे दोन टनी जॅकला हॅचबॅक आणि सेडान जड नाही. स्कॉर्पिओ, फॉर्च्युनरसारख्या दोन टनांच्या घरातल्या गाड्यांचं पुढचं टोकही सव्वा टनाच्या आतच भरतं.

मग तीन टनी का घ्यायचा? उंचीसाठी.

ट्रॉली जॅकच्या खोक्यावर दोन आकडे असतात, कमीत कमी उंची आणि जास्तीत जास्त उंची. खरी निवड या दोन आकड्यांवर होते आणि बहुतेक लोक ते वाचतच नाहीत. दोन-तीन हजारांत मिळणारा छोटा दोन टनी जॅक साधारण १३५ मिलिमीटरपासून ३३० मिलिमीटरच्या आसपास जातो. आता गाडीकडे बघा. आपल्याकडच्या हॅचबॅकचा ग्राउंड क्लिअरन्स १६० ते १७० मिलिमीटर, म्हणजे जॅक आत जाईल. पण हवा गेलेल्या टायरवर गाडी काही सेंटीमीटर खाली बसते आणि तेव्हा हाच जॅक बाहेर राहतो. गाडी खाली करून घेतलेली असेल किंवा पुढे लांब बंपर असेल तर कमी उंचीचा, ८०-९० मिलिमीटरवाला जॅक बघावा लागतो.

वरच्या आकड्याची गंमत आणखी वेगळी. गाडी उचलायला लागलं की चाक लगेच जमीन सोडत नाही. आधी सस्पेन्शन मोकळं होतं, स्प्रिंग लांबते, बॉडी वर जाते आणि चाक तिथेच राहतं. एसयूव्हीत हा प्रवास फारच जास्त. त्यामुळे ३३० मिलिमीटरवाला जॅक पूर्ण वर गेला, दांडा फुकट हलायला लागला, तरी चाक जमिनीलाच चिकटलेलं, असं होतं. मग माणूस काय करतो? जॅकखाली लाकडाचे तुकडे रचतो. किंवा विटा. अपघाताची सुरुवात बऱ्याचदा अशी होते.

म्हणून दुकानात जायच्या आधी घरून मोजपट्टीने तीन मापं काढून न्यावीत. गाडीच्या जॅक पॉइंटची जमिनीपासूनची उंची, तिथपर्यंत जॅक सरकवताना वाटेत लागणारा सगळ्यात खालचा भाग, आणि चाक पूर्ण सुटतं तेव्हा तोच जॅक पॉइंट किती वर असतो ते. हे शेवटचं माप डिक्कीतल्या जॅकने एकदा चाक उचलून, खाली न जाता, बाहेरूनच घेता येतं.

जॅक उचलतो, धरत नाही

हे वाक्य गॅरेजातले जुने मिस्त्री नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतात, वेगवेगळ्या शब्दांत. गाडी वर गेली की तिच्याखाली जॅक स्टँड लावायचे, गाडी त्यावर टेकवायची आणि मगच हात खाली घालायचा. स्टँड म्हणजे तिपाईसारखा लोखंडी आधार, मधला खांब वर-खाली होणारा. त्यात तेल नाही, सील नाही, लोखंडावर लोखंड बसतं. ज्याच्याकडे पाच हजार रुपये आहेत त्याने पाच हजारांचा जॅक घेऊ नये. तीनचा जॅक घ्यावा आणि उरलेल्यात स्टँडची जोडी.

स्टँडचंही माप बघावं लागतं. मोठ्या स्टँडची कमीत कमी उंचीच २८-३० सेंटीमीटर असते. जॅक ३३ पर्यंत जातो आणि गाडीचा जॅक पॉइंट जॅकच्याच डोक्यावर असतो, म्हणजे स्टँड सरकवायला जेमतेम तीन बोटं उरतात, तीही स्टँडसाठी शेजारी वेगळी जागा मिळाली तर. जॅक आणि स्टँड म्हणूनच एकत्र, एकमेकांच्या मापाने घ्यायचे.

स्टँडवर तरी डोळे झाकून विश्वास ठेवावा का? २०२० मध्ये अमेरिकेत हार्बर फ्रेट टूल्स या कंपनीला पिट्सबर्ग ब्रँडचे तीन आणि सहा टनी स्टँड परत मागवावे लागले. आकडा होता सुमारे १७ लाख. कारखान्यातली साधनं झिजल्यामुळे काही स्टँडमध्ये खटका दात्यांत पुरेसा खोल बसत नव्हता आणि भार हलला तर खांब अचानक खाली येण्याचा धोका होता. पुढे बदली म्हणून दिलेल्या काही स्टँडमध्ये वेल्डिंगची खोट निघाली आणि तेही परत बोलवावे लागले. तिथे सुरक्षेची सरकारी यंत्रणा यावर लक्ष ठेवून होती, म्हणून हे उजेडात तरी आलं. आपल्याकडे अमुक दुकानातून घेतलेला बिनब्रँडचा स्टँड परत कोण मागवणार?

त्यामुळे स्टँड घेताना खटक्याशिवाय वेगळी आडवी पिन असलेला घ्यावा. वेल्डिंग सगळीकडे सलग आहे का ते बघावं. आणि काम करताना काढलेलं चाक रिमसकट गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवावं. फुकटचा विमा आहे तो. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक मात्र चुकूनही नकोत. ते वाकत नाहीत, आवाज करत नाहीत, एका क्षणात फुटतात.

लावायचा कुठे?

स्विफ्ट, क्रेटासारख्या गाड्यांना वेगळी चासी नसते. दाराखालच्या कडेला पत्र्याची दुमडलेली पट्टी असते आणि त्यावर दोन खाचांच्या मधली जागा जॅकसाठी मजबूत केलेली असते. ट्रॉली जॅकचं डोकं गोल लोखंडी असतं, ते थेट लावलं तर ही पट्टी मुडपते आणि पुढे तिथूनच गंज धरतो. मधे खाच असलेला रबरी पॅड काही शे रुपयांत मिळतो, तो घ्यावाच. थार, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर यांना शिडीसारखी चासी असते, तिथे चासी किंवा ॲक्सलवर जॅक लागतो. इलेक्ट्रिक गाडीत जमिनीखाली अख्खा बॅटरी पॅक असतो. पुस्तिकेत दाखवलेल्या जागा सोडून दुसरीकडे जॅक लावला तर त्या चुकीचं बिल लाखांत जाऊ शकतं.

जमीन हा आपल्याकडचा खास प्रश्न. ट्रॉली जॅकचं डोकं वर जाताना सरळ जात नाही, कमानीत जातं, त्यामुळे जॅकला थोडं पुढे सरकावं लागतं. त्याची चाकं छोटी आणि लोखंडी. पेव्हर ब्लॉकच्या फटीत किंवा अंगणातल्या मुरुमात ती रुततात, मग जॅकऐवजी गाडी सरकते. शहाबादी फरशी खालून पोकळ असेल तर एवढ्याशा चाकावर आलेल्या वजनाने तडकते. सपाट कोबा किंवा काँक्रीट सगळ्यात उत्तम. नसेल तर जाड प्लायवूडचा मोठा तुकडा जॅकच्या पूर्ण लांबीखाली घालावा. उतारावर काम करूच नये. आणि हँडब्रेक बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या चाकांना असतो, हे विसरू नये. मागची बाजू उचलली की तो असून नसल्यासारखा, तेव्हा पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लागतात.

दुकानात काय तपासायचं?

ऑनलाइन स्वस्त पडतो हे खरं, पण जॅक हातात घेऊन बघण्यात फायदा आहे. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट अशा बाजारात दुकानदार खोकं उघडून दाखवतात. दांडा हलवून बघावा, डोकं डावी-उजवीकडे खुळखुळतं का ते बघावं. सोडायचा व्हॉल्व्ह हळू फिरवल्यावर हळू उतरतो का, हे सगळ्यात महत्त्वाचं. काही स्वस्त जॅक एक तर उतरतच नाहीत किंवा धप्पकन खाली येतात. सील किट सुटं मिळेल का, हेही विचारावं. मिळणार नसेल तर तो जॅक सील जाईपर्यंतच आपला.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी चाचणी. गाडीचा कोपरा थोडासा उचलायचा, खाली कोणी नाही याची खात्री करायची, मोजपट्टीने उंची लिहून ठेवायची आणि चहा पिऊन यायचं. पंधरा-वीस मिनिटांनी उंची कमी झालेली दिसली तर जॅक परत करायचा.

नवा जॅक कधीकधी पहिल्या दिवशी नीट वर जात नाही, तेव्हा आत हवा अडकलेली असते. व्हॉल्व्ह उघडा ठेवून, वजन न देता, दांडा दहा-पंधरा वेळा हलवला की बहुधा सुटते. तेल कमी झालं तर हायड्रॉलिक जॅकचंच तेल घालायचं. घरात पडलेलं ब्रेक ऑइल घातलं तर जॅकची सीलं फुगून खराब होतात. आणि ठेवताना जॅक पूर्ण खाली करून ठेवायचा, म्हणजे आतला चकचकीत पिस्टन तेलात राहतो. कोकणात किंवा मुंबईत एक पावसाळा तो बाहेर उघडा राहिला तर गंजाचे खडे सीलवर ओरखडे पाडतात, आणि पुढच्या वर्षी तोच जॅक बसायला लागतो.