14 जानेवारी : एक तारीख, तीन आठवणी



दिनविशेष म्हटलं की आपल्याला यादी आठवते. अमुक साली अमुक जन्मले, तमुक साली तमुक लढाई झाली. यादी वाचून होते आणि विसरूनही जाते. म्हणून आज मी एकच तारीख घेतली आहे, 14 जानेवारी, आणि तिच्यावरच्या तीनच घटना. एक हरियाणातली, एक तमिळनाडूतली आणि एक मराठवाड्यातली.

पहिली तुमच्या मनात आलीच असेल. 14 जानेवारी 1761, बुधवार. पानिपत. दोन महिन्यांहून अधिक काळ मराठी फौज तिथे अडकून पडली होती. अब्दालीची रसद तोडण्याची कामगिरी ज्यांच्यावर होती ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि उलट आपल्याच छावणीत उपासमार सुरू झाली. उपाशी मरण्यापेक्षा लढून वाट काढावी, म्हणून सदाशिवरावभाऊ बाहेर पडले. विश्वासराव पडले, भाऊ गेले आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. 'पानिपत होणं' हा शब्दप्रयोग मराठीत कायमचा राहिला.

आता एक गंमत सांगतो. पानिपत संक्रांतीच्या दिवशी झालं आणि 'संक्रांत कोसळणं' हा वाक्प्रचार त्यावरूनच आला, असं छातीठोकपणे सांगणारे मला नेहमी भेटतात. पण त्या दिवशी संक्रांत नव्हतीच! ती साधारण चार दिवस आधी, 10 जानेवारीच्या आसपास होऊन गेली होती.

हे कसं? आपली मकरसंक्रांत नक्षत्रांच्या हिशेबाने ठरते, इंग्रजी कॅलेंडर ऋतूंच्या हिशेबाने चालतं. नक्षत्रांचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे 20 मिनिटांनी मोठं आहे. वर्षाला 20 मिनिटं म्हणजे 72 वर्षांत 1440 मिनिटं, बरोबर एक दिवस. त्यामुळे संक्रांत हळूहळू पुढे सरकते. पडताळा हवा असेल तर स्वामी विवेकानंदांचा जन्म पाहा. ते जन्मले संक्रांतीला आणि तारीख होती 12 जानेवारी 1863. आता आपल्याच डोळ्यांदेखत ती 14 वरून 15 वर चालली आहे. पानिपतच्या लोकांसाठी तो दिवस होता पौष शुद्ध अष्टमी, शके 1682. आजची संक्रांत आपण मागे नेऊन त्यांच्यावर लादली, इतकंच.

दुसरी घटना मात्र खरोखर सणाची आहे. 14 जानेवारी 1969, पोंगल. त्या दिवशी मद्रास राज्याचं नाव अधिकृतपणे तमिळनाडू झालं. या नावासाठी 1956 मध्ये विरुदुनगरला शंकरलिंगनार नावाच्या वृद्ध गांधीवादी कार्यकर्त्याने दोन महिन्यांहून अधिक काळ उपोषण केलं आणि प्राण सोडले. पुढे अण्णादुराई मुख्यमंत्री झाले आणि 18 जुलै 1967 रोजी विधानसभेत ठराव मंजूर झाला. नाव प्रत्यक्ष लागलं तेव्हा अण्णा आजाराने खंगले होते. तीन आठवड्यांच्या आत, 3 फेब्रुवारीला, ते गेले.

तिसरी घटनाही नावाचीच. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं, असा ठराव 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत झाला. कागदावर विषय संपला आणि गावोगावी पेटला. मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली, कुटुंबं गाव सोडून गेली. 1979 मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरून जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च निघाला. 1993 मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी या मागणीसाठी आत्मदहन केलं. अखेर 14 जानेवारी 1994 रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव जाहीर झालं. मराठवाडा हा शब्द राहिला, बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं. म्हणून सरकारी शब्द झाला 'नामविस्तार'. लढणारे मात्र आजही 'नामांतर' असंच म्हणतात. ठरावापासून घोषणेपर्यंत साडेपंधरा वर्षं गेली.

एका नावासाठी एवढं कशाला, असं विचारणारे तेव्हाही होते. मला विचाराल तर त्याचं उत्तर विरुदुनगरमध्येही आहे. आपल्या राज्याला आपल्या भाषेतलं नाव असावं, असं एका माणसाला प्राणापलीकडे वाटलं. आपण ज्या विद्यापीठात शिकतो त्याच्या दारावर आपल्या माणसाचं नाव असावं, असं लाखोंना वाटलं. दोन्हीकडे मागणी एकच होती : हे घर आमचंही आहे, हे लिहून द्या.

दरवर्षी 14 जानेवारीला पानिपतजवळ काला आंब इथे माणसं जमतात. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या गेटसमोर निळा जनसागर लोटतो. दोन्हीकडची बरीचशी भाषा मराठीच असते. पण पानिपतचा दिवस विचारला तर चटकन सांगणारे आपल्यातले कितीतरी जण नामांतराचा दिवस विचारला की गप्प होतात. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीचं दुःख आपलं वाटतं आणि शेजारच्या गल्लीतलं आपलं वाटत नाही, हे मला खटकतं.

तुमच्यापैकी कोणी चेन्नईत असाल, कोणी कर्नालला, कोणी नांदेडला. तुमच्याकडे 14 जानेवारीला काय आठवतात, ते शेजाऱ्याला विचारा. तिळगूळ द्यायला जाणारच आहात.