राजवाड्याचा पडदा

बाप जिवंत असताना मिशी काढायची नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. त्यामुळं गावच्या नाटकात ‘एकच प्याला’तली सिंधू कोण करणार, याहून मोठा प्रश्न असायचा तो मिशी कुणाची जाणार हा. एका वर्षी ती आजोबांच्या थोरल्या भावानं, आमच्या थोरल्या आबांनी दिली. पणजीनं रागानं दोन दिवस चूल पेटवली नाही, असं आज्जी सांगायची. तिसऱ्या दिवशी मात्र तीच स्वतःचं इरकल लुगडं घेऊन मारुतीच्या पाराकडं गेली म्हणे, लेकाला नीट नेसवून द्यायला. खरंखोटं आज्जी जाणे. पण ते लुगडं मी तिच्या पेटीत पाहिलंय, पदराला सफेद्याचे डाग असलेलं.

आमचं गाव अहमदपूर तालुक्याच्या टोकाला. ओढा ओलांडला की लोहा तालुका, म्हणजे नांदेड. आज्जी नांदायला आली तेव्हा आम्ही बीदर जिल्ह्यात होतो, १९५६ पासून उस्मानाबादचे झालो, १९८२ पासून लातूरचे. गाव जागचं हललं नाही आणि चैत्र पुनवेच्या जत्रेतलं नाटकही.

निजामाच्या अमलात चार माणसं जमवायची तरी परवानगी लागायची. ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ हे त्या हुकमाचं नाव आजोबांना म्हातारपणीही पाठ होतं. संस्थानातल्या पुढाऱ्यांना राजकीय परिषदा घ्यायला काकीनाडा, मुंबई, पुणे, अकोला असं राज्याबाहेर जावं लागलं. मग गावच्या नाटकाचं काय घेऊन बसलात! म्हणून पोलिसांच्या अमीनसाहेबांना पहिल्या रांगेत खुर्ची, आणि आमच्या घरून धपाट्यांची दुरडी, वर शेंगदाण्याची चटणी. एकदा कृष्णाच्या खेळात कंसानं गोकुळाकडं दह्यादुधाबरोबर, सरकार मागायचं तशी ज्वारीची लेव्हीही मागितली. लोक काय समजायचं ते समजले. अमीनसाहेब हसले की उठून गेले, याबद्दल आजोबा आणि थोरले आबा शेवटपर्यंत भांडले. दोघांचंही मी ऐकून घ्यायचो.

नाटक ठरायचं ते येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला. शेतात कडब्याची कोप, भज्जी, उंडे, माठातली गार आंबील, पोटं भरली की कुणीतरी म्हणायचं, “मग यंदा काय लावायचं रं?” येळवस उरकली की मंडळी माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जायची. तिथले फड रात्र-रात्र बघून हलगीची एखादी नवी चाल उचलून आणायची. सुगी झाली की चावडीत तालीम. पेटीमास्तर शेजारच्या गावचे. त्यांच्या भाकरीची पाळी घराघरानं वाटून घेतलेली, आणि ज्या घरची पाळी त्या घरी त्या दिवशी पिठलं कधी व्हायचं नाही, निदान वांग्याची भाजी तरी. गॅसबत्तीला हवा मारणारा, तोंडाला लावायचं मुर्दाडशिंग घोटून ठेवणारा, पडद्याआडून वही धरून बोलणं सांगणारा, यांची नावं कुठल्याच पत्रिकेत नसत. माझ्या मते नाटक या माणसांनी टिकवलं. सिंधू बदलत गेल्या; वही धरणारे आमचे नाना तेच राहिले.

१९७२ च्या दुष्काळात सगळी नटमंडळी दुष्काळी कामावर खडी फोडायला होती. आज्जी म्हणायची, नानांनी वही तिथंच नेली. दुपारी सुकडी खाऊन झाली की झाडाखाली एकेकाकडून बोलणं पाठ करून घ्यायचे. त्या साली पडदे भाड्यानं आणायला पैसे नव्हते. बायकांनी घोंगड्या आणि वाकळा बांधून दिल्या. पुढं सुकाळ आला तेव्हा वर्गणी काढून गावानं स्वतःचे पडदे रंगवून घेतले. त्यात निळ्या खांबांचा राजवाडा सगळ्यांचा लाडका.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, आणि पहाटे चारच्या सुमारास भूकंप. आमच्याकडं भांडी वाजली. किल्लारीकडं गावंच्या गावं दगडामातीखाली गेली. वर पाऊस सुरू झालेला. नानांनी पडद्यांची पेटी आणि गॅसबत्त्या ट्रॅक्टरात घातल्या, बायकांनी भाकरी बांधून दिल्या. राजवाड्याच्या पडद्याखाली कुणाचं तरी बिऱ्हाड राहिलं असं नाना सांगायचे. कुठल्या गावात, ते त्यांनी सांगितलेलं मला नीट आठवत नाही. पडदा परत आला नाही, आणि तो मागायचा विषयही कधी कुणी काढला नाही.

आता नाना नाहीत. वही त्यांच्या नातवाकडं आहे. तो पुण्याला कंपनीत असतो आणि जत्रेला सुट्टी टाकून येतो. तालीम रात्री फोनवर चालते. सिंधूचं काम आता गावातलीच लेक करते, कुणाची मिशी जात नाही. राज्य नाट्य स्पर्धेची केंद्रं नांदेडला आणि लातूरला आहेत. तिथली हौशी मंडळीही अशीच नोकऱ्या सांभाळून रात्री जमतात. चैत्रात गावी गेलात तर वर्गणीची पावती फाडा, शेवटचा अंक होईपर्यंत बसा, आणि पडद्यामागं जाऊन वही धरणाऱ्याला त्याचं नाव विचारा.