द्राक्षमळे आणि दुचाकी

फ्रान्सच्या दक्षिणेकडील अथवा बर्गंडीकडील खेड्यांतून सायकलीवर केलेल्या प्रवासाचीं वर्णनें आतां आपल्याकडेही वाचावयास मिळूं लागलीं आहेत. त्यांतील बहुतेकांचा सूर एकच असतो. दोन्ही बाजूंस टेकडीवर चढत गेलेल्या वेलींच्या सरळ रांगा, मधूनच एखाद्या चर्चचा टोकदार मनोरा, दुपारीं झाडाखालीं पाव, चीज व पेलाभर द्राक्षमद्य. आणि या सर्वांवर लेखकाचा अभिप्राय असा कीं, येथें हजार वर्षांत कांहीं पालटलेलें नाहीं. प्रवाशाच्या आनंदाशीं आमचें भांडण नाहीं. परंतु हें शेवटचें वाक्य इतिहासाच्या कसोटीस लावून पाहिलें तर टिकत नाहीं. ज्या यंत्रावर बसून तो हें दृश्य पाहत असतो तें यंत्र, आणि त्याच्या डोळ्यांसमोरचे मळे, हीं दोन्ही बहुतांशीं एकाच पिढीचीं अपत्यें आहेत.

जमिनीचा वारसा जुना आहे, हें कोण नाकारील? सितो येथील मठ १०९८ सालीं स्थापन झाला, आणि त्याच्या साधूंनीं बाराव्या शतकापासून व्हूजोचा मळा सांभाळला. सुमारें पन्नास हेक्टरांच्या त्या मळ्याचा दगडी कोट आजही सायकलस्वारास रस्त्यावरून दिसतो. राज्यक्रांतींत मठाची मालमत्ता राष्ट्राची म्हणून विकली गेली. १८८९ नंतर मळ्याचे तुकडे पडत गेले, आणि त्या एका कोटाच्या आंत आज सुमारें ऐंशी मालक नांदत आहेत. भाऊबंदकीच्या वाटण्यांनीं चिंधड्या झालेलें शिवार पाहिलेल्या आम्हां मराठी माणसांस याचें नवल वाटूं नये. असो. कोट जुना, माती जुनी. पण वेल जुनी नाहीं.

पॅरिसमध्यें पिएर मिशो याच्या कारखान्यांत पुढच्या चाकास पायडलें बसविलेली गाडी तयार होऊं लागली ती १८६० नंतरच्या दशकांत. त्याच दशकांत, १८६३ च्या सुमारास, ऱ्होन नदीच्या खालच्या अंगास गार परगण्यांत द्राक्षवेली कांहीं उघड कारण नसतां वाळूं लागल्या. पानें अवेळीं पिवळीं पडत, पुढें फळ धरेनासें होई, आणि दोन-तीन वर्षांत वेल मरे. मेलेली वेल उपटून पाहावी तर मुळांशीं कांहींच सांपडत नसे. १८६८ च्या जुलै महिन्यांत माँपेलिए येथील वनस्पतिशास्त्राचा अध्यापक प्लाँशाँ व त्याचे दोन सोबती यांनीं अजून हिरवी असलेली वेल उपटली, आणि भिंगाखालीं तिच्या मुळांवर बारीक पिवळ्या किड्यांची रास दिसली. मावा जातीचा हा किडा, फिलॉक्सेरा, वेल मेली कीं तिला सोडून शेजारणीकडे जाई. म्हणून प्रेताजवळ मारेकरी कधीं सांपडत नव्हता. तो अमेरिकेहून आणलेल्या वेलींबरोबर समुद्र ओलांडून आला होता.

पुढील वीस वर्षांचा इतिहास हा एका राष्ट्राच्या हतबलतेचा इतिहास होय. सरकारनें तीन लक्ष फ्रँकांचें बक्षीस लाविलें. तें कोणासही मिळालें नाहीं. कोणी मळे हिंवाळाभर पाण्याखालीं बुडवून ठेविले, कोणी कार्बन डायसल्फाइडसारखें विषारी व स्फोटक द्रव्य जमिनींत टोंचून पाहिलें. १८७५ सालीं आठ कोटी हेक्टोलिटरांहून अधिक असलेलें मद्याचें उत्पन्न १८८९ पर्यंत अडीच कोटींच्याही खालीं आलें. शेवटीं उपाय सांपडला तो रोग जेथून आला तेथेंच. अमेरिकेच्या रानवेलींचीं मुळें या किड्यास दाद देत नसत. तेव्हां खालीं अमेरिकन खुंट आणि वर फ्रेंच काडी असें कलम बांधावयाचें. नाशिक-सांगलीकडील बागाइतदारास ही युक्ति परकी वाटणार नाहीं. तोही टेक्सासकडच्या ‘डॉगरिज’ खुंटावर कलम बांधतो, मात्र तें या किड्याच्या भयानें नव्हे, तर खारट पाणी व अवर्षण यांना तोंड देतां यावें म्हणून. बर्गंडीच्या अभिमानी शेतकऱ्यांस हें पचावयास फार कठीण गेलें. परक्या मुळांनीं मद्याचा गुण नासेल, या भीतीनें तेथें अमेरिकन वेलीस १८८७ पर्यंत बंदी होती. रोमाने-काँतीच्या प्रख्यात मळ्यानें तर स्वतःच्या मुळांवरील वेली १९४५ पर्यंत जगविल्या, आणि १९४७ सालीं तेथेंही कलमेंच लाविलीं.

मळ्यांचें रूपही यांत पालटलें. पूर्वी बर्गंडी व शॅम्पेन या प्रांतांत वेली रांगेनें लावीत नसत. जुन्या वेलीची फांदी वांकवून मातींत पुरावयाची, तिला मूळ फुटलें कीं नवी वेल तयार. अशा रीतीनें मळा म्हणजे वेलींची एक दाट गर्दीच असे, आणि तींत माणूस कुदळ घेऊनच शिरूं शके. कलमी वेलीस असा दाब देतां येत नाहीं, कारण पुरलेल्या फांदीस फुटणारें मूळ फ्रेंच असणार, आणि तें किड्याच्या भक्ष्यस्थानीं पडणार. म्हणून नवी लागवड तारांवर, सरळ रांगांत, घोड्याचा नांगर मधून जाईल अशा बेतानें झाली. आजच्या प्रवाशास ज्या रेषा सनातन वाटतात, त्या त्या आपत्तीनें आंखलेल्या आहेत.

ही पुनर्लागवड ऐन भरांत असतां सायकलस्वार त्या रस्त्यांवर अवतरला. १८९१ च्या मे महिन्यांत बोर्दो ते पॅरिस ही पहिली मोठी शर्यत झाली. मिल्स नांवाच्या इंग्रजानें सुमारें पावणेसहाशें किलोमीटरांची ती मजल साडेसव्वीस तासांत मारली. अशा वेगानें जाणाऱ्यास मळे दिसले असतील असें आम्हांस वाटत नाहीं. रमतगमत पाहणाऱ्यांची संस्था वर्षभर आधींच, १८९० सालीं, निघाली होती: ‘तूरिंग क्लब द फ्रान्स’. रस्त्यांवर दिशादर्शक पाट्या लावणें, खेड्यांतील खाणावळींस स्वच्छ खोल्या व संडास ठेवावयास लावणें, असलीं व्यवहारी कामें तिनें चिकाटीनें केलीं. मात्र तिचे आरंभीचे सभासद सुखवस्तु शहरवासी होते. सायकलीची किंमत तेव्हां शेतमजुराच्या कित्येक महिन्यांच्या मजुरीएवढी असे, आणि १८९३ पासून तीवर वर्षास दहा फ्रँक कर बसला, तो चैनीची वस्तु म्हणूनच. रांगेंतून वांकून काम करणारा आणि रस्त्यावरून जाणारा यांच्यामध्यें एका दगडी बांधाचें अंतर होतें, पण तें अंतर फार मोठें होतें.

या प्रवाशांतील सर्वांत थोर पुरुष पॉल द व्हीव्ही हा होय. १८५३ सालीं व्होक्लूझ परगण्यांतील पेर्न येथें जन्मलेला हा गृहस्थ सेंतेतिएन येथें रेशमाचा व्यापार करी. पुढें तो सोडून त्यानें ‘व्हेलोसिओ’ या नांवानें सायकल-पर्यटनाचें मासिक आयुष्यभर चालविलें. चढावर उपयोगी पडणाऱ्या गतिबदलाच्या यंत्रांचा त्यानें स्वतः हजारों मैल हिंडून पुरस्कार केला. ईस्टरच्या सुटींत रात्रभर पायडलें मारीत ऱ्होनच्या कांठाकांठानें प्रोव्हान्सकडे उतरणें हा त्याचा परिपाठ. आणि मौज अशी कीं, सारी वाट द्राक्षमळ्यांची असतां, प्रवासांत मद्य, मांस व तंबाखू वर्ज्य करावी असा त्याचा दंडक! तो शाकाहारी होता. १९३० सालीं ट्रॅमच्या धक्क्यानें त्याचा अंत झाला.

पुनर्लागवडीचें कर्ज काढून उभे राहिलेले शेतकरी लवकरच दुसऱ्या संकटांत सांपडले. आतां पीक उदंड होतें, साखरेपासून केलेलें भेसळीचें मद्य बाजारांत होतें, अल्जीरियाचें मद्य येत होतें, भाव कोसळले. ११ मार्च १९०७ रोजीं आर्जेलिए या खेड्यांतील ८७ शेतकरी मार्सेलँ आल्बेर नांवाच्या साध्या मनुष्याच्या मागोमाग नार्बोनला चौकशीसमितीपुढें गाऱ्हाणें घेऊन गेले. ९ जून रोजीं माँपेलिए येथें जमलेला समुदाय पांच लाखांहून अधिक होता. त्याच महिन्यांत नार्बोनमध्यें सैनिकांनीं गोळ्या झाडून माणसें मारलीं, आणि तें ऐकून त्याच मुलखांतील पोरांच्या सतराव्या पलटणीनें बंड केलें. आल्बेर पॅरिसला क्लेमान्सोस भेटावयास गेला असतां प्रधानानें त्यास परतीच्या भाड्यासाठीं शंभर फ्रँक दिले आणि ती गोष्ट वर्तमानपत्रांस सांगून टाकली. बिचाऱ्याची अब्रू त्या नोटेंत गेली. मुत्सद्देगिरीचा हा नमुना आम्हांस तरी वंदनीय वाटत नाहीं. भेसळीविरुद्धचा कायदा मात्र २९ जून रोजीं झाला.

पुढच्याच उन्हाळ्यांत, १९०८ सालीं, ऑक्सफर्डचा एक विद्यार्थी सायकलीवरून सुमारें चोवीसशें मैल फ्रान्स हिंडला. एग-मोर्तचा समुद्र पाहून तो याच द्राक्षप्रदेशांतून कार्कासोनकडे गेला. त्याचें नांव टी. ई. लॉरेन्स, अरबस्तानांतील त्याची कीर्ति पुढची. तो मध्ययुगीन किल्ले मोजीत चालला होता. सातशें वर्षांपूर्वींच्या तटबंदीसाठीं निघालेल्या त्या अभ्यासकाच्या चाकांखालून वर्षापूर्वींच्याच मोर्चांचे रस्ते जात होते.

बांधापलीकडचा मनुष्य सायकलीवर बसला तो हळूहळू. किंमती उतरत गेल्या. १९१४ पर्यंत देशांत कर भरलेल्या सायकली सुमारें पस्तीस लाख झाल्या. जून १९३६ च्या कायद्यानें कामगारांस पंधरा दिवसांची भरपगारी रजा मिळाली, आणि कारखान्यांतील जोडपीं दोघांच्या सायकलीवर तंबू बांधून निघालीं. मंदीनें गांजलेल्या मळेवाल्यांसही आतां पाहुणा हवासा झाला. दिझाँहून दक्षिणेकडे जाणारा बर्गंडीचा ‘थोर मळ्यांचा मार्ग’ १९३७ सालचा आहे. गिव्हरी ते क्लुनी या मोडलेल्या रेल्वेमार्गावर १९९७ मध्यें सायकलींची पहिली ‘हिरवी वाट’ झाली, तीही मळ्यांच्याच अंगानें जाते.

उन्हाळ्यांत या वाटांनीं जाणाऱ्यास पानांवर कोठें कोठें एक निळसर छटा दिसते. तिची कथा रस्त्याचीच आहे. मेदोक भागांत सें-झ्यूलियँ येथें १८८२ च्या शरद ऋतूंत मिलार्दे नांवाचा अध्यापक चालला असतां, केवडा रोगानें सारा मळा उघडाबोडका झालेला, परंतु रस्त्यालगतच्या वेली मात्र पानांसहित उभ्या, असें त्यास आढळलें. चौकशींत कळलें कीं, येणाऱ्याजाणाऱ्यानें द्राक्षें चोरूं नयेत म्हणून मळेवाले कडेच्या रांगांवर मोरचूद व चुना यांचें ओंगळ दिसणारें पाणी शिंपडीत. १८८५ सालीं मिलार्देनें तें औषध म्हणून प्रसिद्ध केलें, आणि वाटसरूच्या भीतीनें निघालेलें तेंच पाणी नाशिककडच्या बागांतून केवड्यावर ‘बोर्डो मिश्रण’ या नांवानें अजून फवारलें जातें.