ढोलाचा अंगरखा

जालने एक नाही, दोन आहेत. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा. आणि 'जालना सोने का पालना' ही म्हण दोन्ही काठांची माणसे आपापल्या बाजूला ओढत असतात. आम्ही जुन्या जालन्याचे. आमच्याकडे सोने कधी होते ते म्हणीलाच ठाऊक, पण चकाकी मात्र दरसाल पाहायला मिळते. तुळशीचे लग्न लागले की वरातींचे दिवस सुरू होतात आणि त्याआधीच्या पंधरवड्यात, म्हणजे वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल त्याच सुमारास, बँडवाल्यांच्या घरचे ढोल अंगणात येतात. नट-बोल्ट सुटतात, पाने उतरतात, जुने रंगीत आवरण निघते आणि खोडावर नवे चढते. मुलाबाळांना नवे कपडे शिवायच्या दिवसांत ढोलालाही नवा अंगरखा मिळतो.

या अंगरख्याचा इतिहास मला फार दिवस खुणावीत होता. वाद्यांवर पुस्तके पुष्कळ आहेत. ती नादाविषयी बोलतात, तालाविषयी बोलतात, घराण्यांविषयी तर बोलून थकत नाहीत. वाद्याच्या कपड्यांविषयी मात्र क्वचितच कोणी बोलते. वास्तविक वाद्याचा धनी कोण हे त्याच्या आवाजावरून नव्हे, कपड्यांवरून कळते.

नगाऱ्याचेच पाहा. तो हत्तीवर चढे, उंटावर चढे, घोड्यावर चढे आणि प्रत्येक वेळी त्याच्या अंगावर झूल असे. झूल नगारा वाजवणाऱ्याची नव्हे, सरदाराची. वाजवणारा साध्या मुंडाशात, नगारा जरीकाठात! आज देवस्थानांच्या नगाऱ्यांवर आपण जी झूल पाहतो ती त्याच रिवाजाची.

पुढे फिरंग्यांचा ढोल आला. त्याला झूल नव्हती. त्याचे खोडच रंगवलेले असे. मधोमध राजचिन्ह आणि भोवती पलटणीने जिंकलेल्या लढायांची नावे. या नावांत आमच्या भागातले एक खेडे आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? 23 सप्टेंबर 1803 रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावापाशी वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या लढाईत 74 व्या हायलंडर्स पलटणीची भयंकर कत्तल उडाली. तिला मानचिन्ह म्हणून हत्ती आणि 'असई' हे नाव मिळाले. 1881 साली ती पलटण हायलंड लाइट इन्फन्ट्रीत मिळाली, तेव्हा हत्तीही तिकडे गेला. दूर स्कॉटलंडात ज्वारीचे कणीस न पाहिलेली माणसे आमच्या खेड्याचे नाव मिरवीत कवायत करीत राहिली, आणि खेड्याला त्याची वार्ता नव्हती.

जालन्याला एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. 1903 साली कंटिंजंट हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली. छावण्या उठतात, पण त्यांचे सूर मागे राहतात. लष्करी बँडात वाजवायला शिकलेली माणसे नोकरी संपल्यावर लग्नांत वाजवू लागली, असे हिंदुस्थानभर झाले. मीरतचा दाखला प्रसिद्ध आहे. लष्करी बँडातल्या नादिर अलींनी 1885 साली तिथे वाद्यांचा व्यापार सुरू केला आणि पुढे मीरतची जाली कोठी म्हणजे देशातल्या बँडवाल्यांचे माहेरच झाले. राजचिन्हाच्या जागी बँडचे नाव आले. लढायांच्या यादीच्या जागी काय यावे? वेलबुट्टी आली, मोर आले, गुलाब आले. बदल वाईट नव्हता.

आता ज्या चकाकीने आमची मुले बँडच्या मागे धावतात तिच्याकडे वळू. 1870 च्या सुमारास अमेरिकेत जॉन हायट याने सेल्युलॉइड सिद्ध केले. बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत आणि हस्तिदंत महाग झाले होते, म्हणून हा खटाटोप. सेल्युलॉइड कशाचे? आम्लात मुरवलेल्या कापसाचे आणि कापराचे! मराठवाड्याच्या माणसाला हे वाचून हसू यावे. एक आमच्या शेतात, दुसरा आमच्या देव्हाऱ्यात. आणि दोघांची गाठ पडायला अमेरिका लागली. त्याचे कंगवे झाले, बाजाच्या पट्ट्या झाल्या, सिनेमाच्या फिती झाल्या. 1920 नंतरच्या दशकात तिकडच्या कारखानदारांनी त्यात मोत्याची झाक आणून पातळ पत्रे केले आणि ते ढोलांच्या खोडांवर चिकटवले. त्याआधी 1909 साली लुडविग बंधूंनी पायाने मोठा ढोल वाजवायच्या पेडलचे पेटंट घेतले होते, त्यामुळे तीन माणसांचे काम एक माणूस बसल्या जागी करू लागला होता. हाच तो ड्रमसेट. बसलेला माणूस लोकांना दिसायचा कसा? त्याच्यापुढे मोत्याची भिंत उभी केली!

ही भिंत 1935 साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबीच्या जाझ बँडबरोबर नाचली. गोव्याच्या आणि पारशी वादकांच्या हातून सिनेमाच्या गाण्यांत शिरली. 1963 साली बीटल्सच्या रिंगो स्टारने लंडनच्या दुकानात काळ्या मोतिया झाकेचा लुडविग सेट पसंत केला. फेब्रुवारी 1964 मध्ये तो अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर सुमारे 7 कोटी 30 लाख लोकांनी पाहिला आणि कारखान्याला मागणी पुरवता येईना. त्या 7 कोटींतल्या किती जणांनी ढोल ऐकला आणि किती जणांनी नुसता पाहिला, याचा हिशेब कोणी केलेला नाही.

सेल्युलॉइड मोठे भडक्या स्वभावाचे. चामड्याचे पान सर्द झाले की वादक ते जाळावर शेकतात. तिथे सेल्युलॉइड नेणे म्हणजे कापराची आरती ढोलालाच ओवाळणे. पुढे त्याची जागा न पेटणाऱ्या प्लॅस्टिकने घेतली, आणि 1957 च्या सुमारास पानेही प्लॅस्टिकची निघाली. त्यांना शेकायला नको, की पावसाची भीती नको.

आणि चामडे गेले, ही गोष्ट आमच्याकडे नुसती सोयीची नव्हती. चामड्याला हात लावणारा दूर ठेवायचा, अशी आमची शतकांची रीत. ज्याच्या वाजवण्यावाचून लग्न लागत नसे, देवाची पालखी हलत नसे, त्याला ओसरीची पायरी बंद. ढोल मांडवात, वादक मांडवाबाहेर! बाबासाहेबांचा शब्द मानून अनेक घरांनी गावकीचे वाजवणे सोडले, ते याच अपमानापायी. बँडचे वाजवणे थोडे वेगळे. गावकीचे वाजवणे भाकरीवर होते, बँडचे सुपारीवर. आगाऊ रक्कम ठरवून, अंगात बिल्ले लावलेला गणवेश घालून. मातंग, होलार अशा समाजांतल्या कितीतरी घरांनी या धंद्यावर मुले शिकवली. म्हणून ढोलाची चकाकी पाहून नाक मुरडणाऱ्या रसिकांशी माझे जमत नाही. झूल सरदाराची होती, राजचिन्ह पलटणीचे होते. हा पहिला अंगरखा, जो वादकाने आपल्या पैशाने घेतला.

मागच्या वर्षी याच दिवसांत माझा एक जुना विद्यार्थी असाच एक मोठा ढोल घेऊन माझ्याकडे आला. आजोबांच्या बँडचा. व्यास 28 इंच. त्याच्या वडिलांनी पूर्वी कधी तरी त्यावर लाल प्लॅस्टिकचा पत्रा चुका ठोकून बसवला होता. तो काढला तेव्हा खाली हाताने रंगवलेली पिवळी अक्षरे निघाली. बँडचे नाव, मास्तर म्हणून आजोबांचे नाव आणि खाली पत्ता. पत्त्यात वस्तीचे जुने, जातीवरून पडलेले नाव होते. ते मी इथे छापत नाही. अशी वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. पण लाकडावरचा रंग सरकारी निर्णय वाचत नाही.

पोराला अक्षरे ठेवायची होती, वडिलांना झाकायची होती. "सर, तुम्हीच सांगा याला," वडील म्हणाले, "म्हाताऱ्यानं हे पाठीवर वागवलं, मी झाकलं. आता पुन्हा उघडं कशाला करायचं?" पोरगा म्हणाला, "झाका खुशाल, पण खरवडू नका. आबांचं नावपण त्यातच हाय."

या वादात निवाडा करण्याइतके माझे शिक्षण नाही. मॅट्रिकचे गणित मात्र कामाला आले. 28 ला 22 ने गुणून 7 ने भागा: 88 इंच. जोडावर जोड चढवायला एक इंच धरा: 89. नेहमीची रीत अशी की खोड पॉलिश-पेपरने घासून गुळगुळीत करायचे, खोडाला आणि पत्र्याला दोन्हीकडे डिंक लावायचा, तो हाताला चिकटेनासा झाला की पत्रा बसवायचा. एकदा टेकला की टेकला. सरकवता येत नाही. या रीतीने अक्षरे घासण्यातच गेली असती.

दुसरी रीत पोराने काढली. खोडाला डिंक लावायचाच नाही. पत्रा ताणून गुंडाळायचा, फक्त जोडाच्या पट्टीत दुहेरी चिकटपट्टी घालायची आणि बाकीचा भार पकडींच्या स्क्रूंवर आणि दोन्ही कड्यांवर सोडायचा. पत्रा खोडाच्या कडेपासून थोडा आतच थांबवावा लागतो, नाही तर पान नीट बसत नाही आणि ढोल फुटक्या घागरीसारखा बोलतो. वडील इतका वेळ बाजेवर बसून होते. कड चुकतेय असे दिसताच ते उठले, पोराच्या हातातली कात्री घेतली आणि स्वतः पट्टी कापू लागले. मग जोड कुठे ठेवायचा यावर दोघांची पुन्हा जुंपली. जोड वादकाच्या पोटाकडे असावा, लोकांना दिसू नये, असे वडिलांचे म्हणणे. ते मान्य झाले.

सोनेरी चमकीचा पत्रा चढला. अक्षरे त्याच्या आत आहेत, डिंकावाचून. वडिलांनी एकेक नट फिरवीत पान चढवले, मधे कान लावून ऐकले, एक नट अर्धा आटा सैल केला आणि थापी माझ्या हातात दिली.