नवख्या गणितशिक्षकाला कोण शिकवतो? (थ्रेड)

१/ १८७२ साली जपानमध्ये एक विलक्षण पेच उभा राहिला. ‘गाकुसेई’ या शिक्षणविषयक आदेशाने देशभर नव्या शाळा काढण्याचे ठरले आणि त्यांत पारंपरिक ‘वासान’ गणिताऐवजी पाश्चात्त्य गणित आले. पण ते शिकवायचे कोणी? बहुतांशी, जे स्वतः ते कधी शिकले नव्हते त्यांनीच!

२/ अडचण केवळ विषयाची नव्हती. ‘तेराकोया’ या जुन्या शाळांत गुरुजी एकेका मुलाला स्वतंत्र धडा देत. फळ्यापाशी उभे राहून सबंध वर्गाला एकदम शिकवणे अपरिचित होते. त्याच वर्षी टोकियोत अध्यापक विद्यालय निघाले. मॅरियन स्कॉट या अमेरिकी शिक्षकाने तेथे वर्गाध्यापनाची रीत शिकवली.

३/ एकाने पाठ घ्यायचा, इतरांनी तो पाहायचा आणि नंतर त्याची चिकित्सा करायची, ही प्रथा याच काळात आकाराला आली. १८८३च्या ‘काइसेई क्योजुजुत्सु’ या अध्यापनविषयक ग्रंथात अशा चिकित्सेचे मार्गदर्शन आढळते. पुढे हीच प्रथा ‘जुग्यो केन्क्यू’, म्हणजे पाठाचा अभ्यास, या नावाने रुजली.

४/ तिचे स्वरूप साधे आहे. शिक्षक मिळून पाठाचे टाचण करतात. मुले कोणती उत्तरे देतील, कोठे चुकतील, याचा आधीच अंदाज बांधतात. मग एकजण शिकवतो. बाकीचे वही घेऊन मुलांचे निरीक्षण करतात. चर्चेत दोष शिक्षकाचा नव्हे, सर्वांनी मिळून रचलेल्या पाठाचा शोधला जातो. नवख्याला मोठा दिलासा मिळतो तो येथे.

५/ गणिताचे एक उदाहरण पाहा. दोन शेजाऱ्यांच्या जमिनींमधील वाकडी हद्द सरळ करायची आहे. क्षेत्रफळ मात्र कोणाचेही बदलता कामा नये. एकच पाया आणि समांतर रेषांमधील त्रिकोण यांचे प्रमेय येथे कामी येते. ते आधी सांगावे की मुलांना धडपडू द्यावे? असा निर्णय पुस्तकातून उमगत नाही. अनुभवी सहकाऱ्याच्या सोबतीने उमगतो.

६/ ही प्रथा प्राथमिक शाळांत अधिक रुजली. उच्च माध्यमिक स्तरावर ती तुलनेने क्षीण राहिली. १९८८मध्ये कायदा बदलून सरकारी शाळांतील प्रत्येक नव्या शिक्षकाला वर्षभराचे प्रशिक्षण आणि मार्गदर्शक शिक्षक देण्याचे ठरले. १९८९पासून ते टप्प्याटप्प्याने लागू झाले.

७/ मात्र त्याच दुरुस्तीने परिविक्षेचा काळ सहा महिन्यांवरून एक वर्ष झाला. जपानच्या शिक्षक संघटनेने या योजनेला विरोध केला. हे मार्गदर्शन की नियंत्रण, हा प्रश्न गैरलागू नव्हता. ज्याच्या मतावर आपली नोकरी अवलंबून असू शकते, त्याच्यापुढे ‘हे मला जमत नाही’ असे कोण म्हणेल?

८/ १९९९मध्ये स्टिगलर आणि हीबर्ट या संशोधकांचा ग्रंथ आला. जर्मनी, जपान व अमेरिकेतील आठवीच्या गणिताच्या तासांच्या चित्रफितींवर तो आधारलेला होता. त्यानंतर जगाचे लक्ष या प्रथेकडे वळले. अनेक देशांनी तिचा आराखडा उचलला; तिच्यामागची दीर्घ सवय उचलणे तितके सोपे नव्हते.

९/ या इतिहासातून एवढे निश्चित दिसते: जपानमध्ये ही प्रथा शिक्षक निष्णात होते म्हणून जन्मली नाही, बहुतेक सारेच नवखे होते म्हणून जन्मली. ‘मला येत नाही’ हे तेव्हा लपवण्याजोगे नव्हते. नव्या शिक्षकाला वर्गाचे दार लावून एकटे सोडायचे, की मागच्या बाकावर एक सहकारी बसवायचा, ही निवड आजही प्रत्येक शाळेपुढे आहे. आणि तो सहकारी निरीक्षक असू नये, सोबती असावा.

(समाप्त)