आवळा देऊन कोहळा : जुगाराच्या बोनसची कुळकथा



‘बोनस’ हा शब्द मूळचा परका; पण महाराष्ट्रात तो आता उपरा राहिलेला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९२४ सालच्या आरंभी याच एका शब्दासाठी मोठा संप केला. पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत मालकांनी काही वर्षे बोनस दिला होता. पुढे तो नाकारला, तेव्हा कामगार गिरण्या सोडून बाहेर पडले. तो संप यशस्वी झाला नाही. परंतु बोनस ही मालकाची मेहेरबानी नसून आपल्या घामाचा राहिलेला हिस्सा आहे, ही भावना कामगारांत रुजली ती रुजलीच. १९६५ साली बोनसचा कायदा झाला, आणि पुढे किमान बोनस वेतनाच्या ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, असा ठरला. त्यामुळे भिवंडीच्या यंत्रमागावर राबणाऱ्या माणसाला बोनस म्हटले की दिवाळी आठवते, पोरांचे कपडे आठवतात. शब्दाला अशी पुण्याई लागते ती कष्टाने.

आज हाच शब्द दुसऱ्याच दाराने घरात शिरला आहे. मोबाईलच्या पडद्यावर एक जाहिरात येते : हजार रुपये भरा, आम्ही आमचे हजार घालतो, दोन हजारांनी खेळा. याला ‘लाइव्ह कॅसिनो’ म्हणतात. म्हणजे काय, तर लॅटव्हिया देशातील रिगा शहरासारख्या ठिकाणी एखाद्या दालनात खरेखुरे टेबल मांडलेले असते, खरीखुरी बाई पत्ते वाटते किंवा चक्र फिरविते, आणि कॅमेऱ्यातून ते दृश्य आपल्या हातातल्या यंत्रात दिसते. वसई-दिवा लोहमार्गावरच्या खारबावसारख्या गावात ओटीवर बसल्या बसल्या माणूस परदेशातल्या द्यूतशाळेत जाऊन येतो. आता प्रश्न असा की, हा जो बोनस मिळतो, तो घ्यावा की घेऊ नये? फुकट मिळणारे हजार रुपये सोडणारा मूर्ख, की घेणारा मूर्ख?

याचे उत्तर देण्यापूर्वी थोडे मागे जाऊ. जुगार काही आजचा नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त सबंध एका जुगाऱ्याच्या तोंडी आहे. त्याची बायको दुरावली आहे, सासू तोंड बघत नाही, फासे सोडीन म्हणतो आणि फाशांचा आवाज ऐकला की पुन्हा तिकडेच धावतो. आपल्या पंचांगात बलिप्रतिपदेला ‘द्यूतप्रतिपदा’ असेही नाव आहे. मौजेखातर वर्षातून एक दिवस डाव मांडणे समाजाने चालवून घेतले. उरलेले दिवस मात्र राखून ठेवले. या राखून ठेवण्यातच शहाणपण होते.

महाभारतातील द्यूताची कथा आपण सारे जाणतो. पण तिच्यातला एक भाग सांगताना बहुधा घाईने उरकला जातो. युधिष्ठिर एकदाच खेळला नाही, दोनदा खेळला. पहिल्या डावात सर्वस्व गेले. नंतर भ्यालेल्या धृतराष्ट्राने द्रौपदीला वर दिले आणि राज्य परत केले. पांडव आपल्या वाटेला लागले. इतक्यात मागून पुन्हा बोलावणे आले, आणि गेलेले सर्व हाती परत आले असताना धर्मराज पुन्हा पटावर येऊन बसला! बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास हा त्या दुसऱ्या बैठकीचा हिशेब आहे. धृतराष्ट्राने ते भीतीपोटी परत केले, गळाला लावण्यासाठी नव्हे, हे खरे. पण परत मिळालेले धन माणसाला पटावरून उठवीत नाही, उलट पुन्हा बसविते, एवढे मर्म त्यातून घ्यावे. ‘तुमचे काही पैसे आम्ही परत करतो, पुन्हा या’ असा निरोप आजही हरलेल्या माणसालाच येतो.

राज्यसत्तेचे धोरणही पाहण्यासारखे आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी सांगितला आहे. जुगार त्याने नेमलेल्या एकाच जागी चालावा, दुसरीकडे खेळणाऱ्यास बारा पण दंड व्हावा, जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच अध्यक्षाने घ्यावेत, शिवाय फाशांचे भाडे निराळे. म्हणजे बघा, खेळणारे हरोत वा जिंकोत, पट मांडणाऱ्याचा वाटा ठरलेला. युरोपातही तेच. व्हेनिसमध्ये १६३८ साली सरकारच्या परवानगीने ‘रिदोत्तो’ नावाची द्यूतशाळा उघडली; सरदारांची घराणी धुऊन निघू लागली तेव्हा १७७४ साली ती बंद करावी लागली. मोनॅको या चिमुकल्या संस्थानाने माँटे कार्लोची द्यूतशाळा चालविली, पण आपल्या नागरिकांना तेथे खेळण्यास मनाई केली. आपल्या शेजारी गोव्यात १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ आणि १९९६ साली दुरुस्त्या होऊन पंचतारांकित हॉटेलांत व जहाजांवर कॅसिनोला वाट मिळाली. आणि २०२० साली त्याच सरकारने गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेश बंद केला. जो हलवाई आपली मिठाई स्वतःच्या पोरांना खाऊ देत नाही, त्याच्या मिठाईविषयी गिऱ्हाइकाने काय समजावे?

आता मुंबईकडे येऊ. गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात मुंबईत पावसावर सट्टा चाले. अमुक वेळात पन्हळीतून पाणी वाहील की नाही, यावर पैजा लागत. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात पाऊस बसत नाही असे न्यायालयात ठरले, म्हणून १८९० साली कायदा दुरुस्त करून पावसालाही त्यात आणावे लागले. जुगार नवे रूप घेतो आणि कायदा मागून धापा टाकीत येतो, ही परंपरा तेव्हापासूनची.

पुढे कापसाचे आकडे आले. न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा भाव उघडताना काय, बंद होताना काय, हे तारेने मुंबईत येई आणि त्यावर लोक पैसे लावीत. १९६१ साली तो आकडा येणे बंद झाले. लोक म्हणाले असतील, बरी पीडा गेली. छे! १९६२ साली कल्याणजी भगत याने वरळी मटका सुरू केला, १९६४ साली रतन खत्री याने आपला निराळा. मातीच्या मडक्यातून चिठ्ठी काढायची म्हणून नाव ‘मटका’. कापूस नाही, भाव नाही, न्यूयॉर्क नाही. नुसता आकडा उरला. ओपन, क्लोज, जोडी, पाना हे शब्द गिरणगावातल्या पोरांच्या तोंडी बसले.

मटक्याचे गणित सोपे आहे. शून्य ते नऊ असे दहा आकडे. एका आकड्यावर रुपया लावला आणि तो आला, तर साधारणपणे नऊ रुपये मिळत. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावून पाहा : दहा गेले, नऊ आले. दहातला एक रुपया मटकेवाल्याचा, रोजचा, बिनघोर. त्याला कोणाला फसविण्याची गरजच नाही; गणितच त्याचा मुनीम.

आजच्या चक्राचे गणित याहून सभ्य दिसते, पण जात तीच. रूलेटच्या चक्राला सदतीस घरे असतात : एक ते छत्तीस आणि एक शून्य. प्रत्येक घरावर रुपया लावलात, तर सदतीस जातील आणि छत्तीस परत येतील. म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे सरासरीने दोन रुपये सत्तर पैसे चालकाचे.

आता बोनसची गाठ सोडवू. हजार भरले, हजार बोनस मिळाला. पण हा बोनस लगेच काढता येत नाही. खाली बारीक अक्षरांत अट असते. तीस पटीची अट धरू : बोनसच्या तीस पट, म्हणजे तीस हजार रुपयांच्या पैजा लावल्याशिवाय पैसे हाती येणार नाहीत. तीस हजारांवर सदतिसावा हिस्सा म्हणजे सुमारे आठशे अकरा रुपये सरासरीने जायचे. तरीही कोणी चाणाक्ष म्हणेल, गुरुजी, हजारातून आठशे अकरा गेले तरी एकशे एकोणनव्वद उरलेच की!

थांबा. त्याहून बारीक अक्षरांत दुसरी अट असते. लाइव्ह टेबलावरची पैज पुरी धरली जात नाही. पुष्कळ ठिकाणी रुपयातले दहाच पैसे धरतात, कोठे काहीच धरीत नाहीत. दहा पैशांच्या हिशेबाने तीस हजारांचे तीन लाख झाले. तीन लाखांवरची सरासरी तूट आठ हजार एकशे आठ रुपये. बोनस किती? हजार. म्हणजे अट पुरी होण्याआधीच खात्यातले दोन्ही हजार संपण्याचा संभव अधिक, आणि पुरी करायचीच म्हटली तर पुन्हा खिशात हात घालायचा. शिवाय मुदत थोड्या दिवसांची, एका पैजेची कमाल रक्कम ठरलेली, ती चुकून ओलांडली तर बोनस आणि त्यावरची जीत दोन्ही रद्द. आपल्या आज्या-पणज्यांनी याला एका ओळीत नाव देऊन ठेवले आहे : आवळा देऊन कोहळा काढणे.

कोणी विचारील, पण आमच्या आळीतला अमका जिंकला, त्याचे काय? जिंकला असेल. मटक्यातही रोज कोणी ना कोणी जिंकतच असे. त्यावाचून दुसऱ्या दिवशी आकडा लावायला कोण आले असते? जिंकणाऱ्याची बातमी गावभर होते, हरणारा गप्प राहतो. ऐकू येणाऱ्या गोष्टींवरून हिशेब केला की तो चुकणारच.

आणि जिंकलाच, तरी पैसे हाती पडतील याची हमी कोणाची? १८७२ च्या करार कायद्याचे तिसावे कलम सांगते की, पैजेचा करार रद्दबातल असतो आणि जिंकलेल्या रकमेसाठी दावा लावता येत नाही. १९५७ साली मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापारच नव्हे. महाराष्ट्रात १९७६ साली कॅसिनोचा एक कायदा मंजूर झाला होता. तो कधी अंमलात आलाच नाही, आणि २०२३ साली रद्द करण्यात आला. ऑगस्ट २०२५ मध्ये तर संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. २२ ऑगस्टला त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, कारण तो नाडला गेलेला आहे असे या कायद्याने मानले. तेव्हा जी मंडळी अजूनही बोनस देऊ करतात, ती समुद्रापलीकडे बसलेली, आपल्या कायद्याच्या हाताबाहेरची. त्यांच्याकडे पैसे अडकले, तर तक्रार घेऊन जाणार कोठे?

खेड्यांना हा धोका विशेष का, तेही सांगतो. भिवंडी तालुक्यात द्रुतगती मार्गासाठी, बुलेट ट्रेनसाठी जमिनी गेल्या, आणि जमिनीचा मोबदला बँकेत आला. बापजाद्यांचे शेत होते तेव्हा ते एका रात्रीत कोणी उधळू शकत नव्हता. विकायचे तर तलाठी, साक्षीदार, भाऊबंद, सारे मध्ये येत. तेच शेत आता खात्यातला आकडा झाले आहे, आणि तो आकडा अंगठ्याच्या एका दाबाने जातो. पूर्वी मटक्याची चिठ्ठी घेणारा बुकी चार लोकांना दिसे, बापाला कोणी येऊन सांगे. आता पोरगा पांघरूण घेऊन निजला आहे की खेळतो आहे, हे शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही कळत नाही. दुसरी गोष्ट, या पैशांची ने-आण करण्यासाठी गरीब तरुणांची बँकखाती भाड्याने घेतली जातात. दोन-चार हजारांच्या लोभाने आपले खाते, आपले कार्ड दुसऱ्याला देऊ नये; पोलीस प्रथम खात्यावर नाव असलेल्याच्या दाराशी येतात. फसगत झालीच, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. नुसते ‘जुगार वाईट’ म्हणून मुले ऐकत नाहीत. एक मडके घ्या, शून्य ते नऊ अशा दहा चिठ्ठ्या टाका, प्रत्येक मुलाला वीस चिंचोके द्या, आणि बरोबर आकड्याला नऊ चिंचोके या दराने तास संपेपर्यंत खेळवा. खेळ लांबत जाईल तसतशी चिंचोक्यांची रास गुरुजींच्या टेबलावर वाढत जाईल. मग मुलांना मध्येच पाच चिंचोके ‘बोनस’ द्या आणि अट घाला की पन्नास चिंचोके लावल्याशिवाय ते घरी नेता येणार नाहीत. ते पाचही फिरून टेबलावर कसे येतात, हे मुले स्वतःच्या डोळ्यांनी बघतील. शेकडेवारीचा धडा होईल, आणि जन्मभराची शिकवणही.

तेव्हा घ्यावा की घेऊ नये, या प्रश्नाचे उत्तर इतिहास आणि अंकगणित दोघेही एकच देतात : घेऊ नये. गिरणीतला बोनस वर्षभराच्या कामानंतर मिळे. हा कामाआधीच मिळतो, आणि काम पुढे आपल्याकडून करून घेतले जाते. घरात कोणी आधीच या फेऱ्यात सापडला असेल, तर त्याला शिव्या घालून एकटा पाडू नका. त्याच्या जवळ बसा, कर्जाचा आकडा खरा काय तो विचारा, खात्याचा व्यवहार काही दिवस घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हाती द्या. वेदातल्या त्या जुगाऱ्यालाही शेवटी उपदेश मिळाला तो हाच की, फासे ठेव आणि शेत कर. ज्यांचे शेत राहिले आहे त्यांनी ते राखावे. ज्यांच्या शेताचा पैसा झाला आहे, त्यांनी तो शेतासारखाच राखावा.